अनंताची कुंडी आणि वेताची खुर्ची

"मी परत येईपर्यंत अनंत जगला, तर खुर्ची गॅलरीत येईल," असे अभिवचन सरांच्या सहधर्मचारिणीने एक पाय चपलेत आणि एक पाय घरात, अशा अवस्थेत दिले. मोठ्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, शुश्रूषेस जावयाचे होते आणि खाली गाडीवाला कर्णा वाजवून इमारतीची शांतता भंग करीत होता.

"आणि नाही जगला तर?" सरांनी विचारले.

"तर ती खुर्ची भंगारवाल्याला. माळ्यावर झुरळांना आराम देण्यापलीकडे ती काही करत नाही."

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. अनंत हे कोणा महात्म्याचे नाव नसून पांढऱ्या सुवासिक फुलांच्या एका झाडाचे नाव आहे. बाईंनी माहेरच्या अंगणातील फांदी आणून ते कुंडीत लावले होते व त्यावर त्यांचा जीव होता. खुर्ची ही वेताची आरामखुर्ची. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी ती त्यांना अर्पण केली होती. गॅलरीचे क्षेत्रफळ असे, की तेथे एक तर अनंत व बाईंची इतर रोपे ही वनस्पतिसृष्टी नांदू शके, नाही तर सर. निर्णय सरांना न विचारता झाला. तेव्हापासून ते स्वयंपाकघराच्या दारातील स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचीत आणि अधूनमधून माळ्याकडे पाहून उसासा टाकीत. तो उसासा ऐकू जावा इतपत मोठा असे. मात्र त्याचा परिणाम आजवर शून्य होता.

"एका झाडाला पाणी घालायचं, एवढंच ना?" सर म्हणाले. "आयुष्यभर आम्लं हाताळली मी. एकाही मुलाचं बोट भाजलं नाही."

"आणि त्या शिपायाची मिशी?"

"ती मिशी त्याने स्वतः पुढे आणली होती."

बाईंनी दुसरा पायही चपलेत घातला. बाहेर पडल्यावर त्या आधी शेजारी, मग वर आणि मग जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबून कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलत असल्याचे सरांना जाणवले. निरोप घेत असतील, असे त्यांनी मानले. सज्जन मनुष्य नेहमी असेच काहीतरी मानतो.

आठवडा सरतो न सरतो तोच अनंताची पाने पिवळी पडू लागली. पान पिवळे, पण शिरा मात्र हिरव्या. जणू कोणी फिकट कागदावर नद्यांचा नकाशा काढला आहे. सरांनी चष्मा पुसून पाहिले. नकाशा तसाच होता.

दुसरा कोणी असता तर घाबरून रोपवाटिकेत धावला असता. सर धावले नाहीत. त्यांनी कपाटातून पत्र्याची एक पेटी काढली, तीतून रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या, कुंडीतील चमचाभर माती उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळली आणि पट्टी बुडविली. पट्टी निळसर झाली. माती अल्काकडे झुकली होती. नळाचे पाणी जड, त्यातील चुना मातीत साठत गेला. कारण उघड होते. येथवर सरांचे निदान निर्दोष होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण तसे म्हणण्याची संधी यापुढे बराच वेळ येणार नाही.

सरांच्या मनोमंदिरात सात या अंकाचे स्थान फार उच्च होते. शून्यापासून चौदापर्यंतच्या त्या मापपट्टीवर एका बाजूस आम्लांचा दाह, दुसऱ्या बाजूस अल्कांचा बुळबुळीतपणा, आणि मधोमध, दोहोंकडे समदृष्टीने पाहत, सात विराजमान असतो. विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना त्यांनी सांगितले होते की, मुलांनो, ब्युरेटची, म्हणजे त्या काचेच्या मापनळीची, तोटी हळूहळू सोडा, रंग बदलला की थांबा. जीवनात थांबता आले पाहिजे. तेव्हा या कुंडीला सातावर आणणे हे केवळ बागकाम न राहता एक अनुष्ठान झाले. झाडाला काय हवे, हे कोणास विचारावे, असे त्यांच्या मनातही आले नाही. चंचुपात्रातील द्रवाने आजवर आपली आवड त्यांना कधी कळविली नव्हती.

कपडे वाळविण्याच्या घोडीला त्यांनी ब्युरेट बांधली, तीत पाण्यात मिसळलेला व्हिनेगर भरला आणि कुंडीवर थेंबथेंब सोडू लागले.

"सर, सलाईन लावलंय का झाडाला?" शेजारच्या गॅलरीतून काकूंनी विचारले. दोन्ही गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि काकूंची जिज्ञासा त्या भिंतीपेक्षा पुष्कळ उंच होती.

"आम्लता नियंत्रित करतो आहे."

"असं. मला वाटलं, अशक्तपणा आलाय. अहो, त्याला काहीतरी पोटात जायला हवं. तुम्ही नुसतं पाणी घालता."

"काकू, वनस्पती ही रसायनशाळा आहे."

"असेल. पण रसायनशाळेलाही भूक लागते की."

वरच्या मजल्यावरील विमाप्रतिनिधी कठड्यावरून खाली वाकला. हा गृहस्थ प्रत्येक गोष्टीत मृत्यू पाहत असे. तो त्याचा व्यवसायच होता.

"सर, पिवळं पान म्हणजे पहिली नोटीस," तो म्हणाला. "दुसरी येत नाही, डायरेक्ट क्लेम येतो."

"तुमच्या वातानुकूलन यंत्राचं पाणी आधी थांबवा," सर वर न पाहता म्हणाले. "माझ्या कठड्यावर अखंड टिपटिप चालू आहे. मी लेखी तक्रार केली आहे."

"ती विचाराधीन आहे, सर. सचिवांनीच सांगितलं."

सचिव म्हणजे सोसायटीचे सचिव; लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले आणि सरांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारे. ते रोज सकाळी सरांचे वर्तमानपत्र नेत व दुपारी परत आणून देत. परत देताना ते 'जरा हवा खातो' म्हणून गॅलरीत जात आणि काही वेळाने हात झटकीत बाहेर येत. सरांना या सवयीचे कधी नवल वाटले नाही. जगाच्या हवेवर सर्वांचा समान हक्क आहे.

पुढे जे घडले त्याने सरांची झोप उडाली. सायंकाळी मोठ्या निष्ठेने साधलेला सात सकाळी ढळलेला असे. रात्री पट्टी हिरवी, म्हणजे सात. पहाटे पाहावे तो निळी. सरांनी व्हिनेगर वाढविला, तर पट्टी लालसर झाली. मग चुन्याची निवळी घातली, ती पुन्हा निळी. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा निवळी. प्रथम त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला, नंतर पट्ट्यांवर, नंतर पट्ट्या बनविणाऱ्या कारखान्यावर. गॅलरीत वास असा सुटला की काकूंनी भिंतीवरून विचारले, "सर, लोणचं घालताय का झाडाचं?"

आणि एके दिवशी पट्टी हिरवी झाली ती हिरवीच राहिली. सकाळी सात, दुपारी सात, सायंकाळी सात. सरांनी तत्काळ पत्नीस फोन केला.

"सात," ते म्हणाले.

"काय सात? कळ्या आल्या?"

"कळ्या येतील. माती सातावर आली. पूर्ण उदासीन. मी तुला सांगतो, सात या अंकाचं महत्त्व..."

"अहो, मला ताईला उठवून बसवायचंय. झाड कसं आहे?"

"झाड," सर म्हणाले, "प्रक्रियेत आहे."

झाड प्रक्रियेतून अधिकाधिक पिवळे होत गेले. पानांची टोके करपली, कडा तपकिरी झाल्या आणि मातीवर पांढरी, खरखरीत पापुद्र्याची चादर पसरली. कुंडीच्या बाहेरील अंगासही पांढरे ओघळ आले. सर पहाटे उठून गळालेली पाने मुठीत घेत आणि स्टुलावर बसून माळ्याकडे पाहत. माळ्याच्या फटीतून खुर्चीचा एक हात बाहेर आला होता. तो निरोप देत असल्यासारखा दिसे.

शेवटी त्यांनी माती परीक्षण केंद्र गाठले. तेथील कारकून भला होता. फक्त त्याच्यापुढील छापील नमुन्यात गॅलरीची सोय नव्हती.

"पीक कोणतं?"

"अनंत."

"क्षेत्र?"

"कुंडी आहे."

"हेक्टरमध्ये सांगा."

सरांनी खिशातील पेन काढले, कुंडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ वर्तुळाच्या सूत्राने काढले आणि दशांशचिन्हापुढे एवढी शून्ये सांगितली की कारकुनाने मध्येच हात वर केला.

"राहू द्या. अल्पभूधारक लिहितो. जमिनीचा उतार कोणत्या दिशेला?"

"ती सपाट आहे. ताटलीत ठेवली आहे."

"पाण्याचा स्रोत? विहीर, कालवा, नदी?"

"तांब्या."

कारकुनाने क्षणभर विचार केला आणि 'इतर' या रकान्यात खूण केली.

अहवाल यथावकाश आला. त्याचा आशय असा, की सदर जमिनीत क्षार व पोषकद्रव्ये यांचा अतोनात साठा झालेला असून, खातेदाराने खतांचा हा बेसुमार वापर त्वरित थांबवावा. जमीन भरपूर गोड्या पाण्याने धुऊन काढावी. पाण्याचा निचरा होण्यासाठी उताराच्या बाजूस खोल चर खणावा. आणि शक्य झाल्यास एक हंगाम जमीन पडीक ठेवून खातेदाराने अन्य व्यवसाय पाहावा.

'बेसुमार वापर' हे शब्द सरांच्या जिव्हारी लागले. त्यांनी खताचा कणही घातला नव्हता. आपल्यावर असा आरोप शासनाने करावा आणि तोही शिक्का मारून, याचे त्यांना फार वाईट वाटले. परंतु निदान ते निदान. मातीत साठलेले क्षार विरघळवून खाली वाहून न्यायचे, तर वरून पाण्याचा लोट सोडला पाहिजे, हे तत्त्व त्यांना तत्काळ पटले. एवढे सोपे तत्त्व आपल्याला आधी का सुचले नाही, हा प्रश्न त्यांनी मनातल्या मनात विद्यार्थ्यांवर ढकलला.

त्यांनी न्हाणीघरातील नळाला रबरी नळी जोडली, कुंडीखालची ताटली काढून टाकली, कुंडी दोन विटांवर चढविली आणि तोटी पूर्ण सोडली. पाणी मातीत मुरले, तळाच्या भोकातून तपकिरी होऊन बाहेर पडले, गॅलरीभर पसरले आणि निर्गममार्ग शोधू लागले. निर्गममार्ग गॅलरीच्या कोपऱ्यात होता. त्याच्या खाली सचिवांची गॅलरी होती. सचिवांच्या गॅलरीत सचिव होते. ते डोळे मिटून, श्वासावर लक्ष केंद्रित करून, विचाररहित होण्याचा नित्य अभ्यास करीत बसले होते.

विचार त्यांना एकदम आले.

काही क्षणांत दाराची घंटा वाजली. सरांनी दार उघडले, तेव्हा सचिव टॉवेल गुंडाळून उभे होते. गुळगुळीत माथ्यावरून तपकिरी ओघळ भुवयांपर्यंत आलेला, कपाळावर चहाची फुगलेली पत्ती, आणि बनियनवर पांढऱ्या टरफलांचे तुकडे.

"सर," सचिव अत्यंत शांतपणे म्हणाले, "हे काय आहे?"

"क्षारनिर्मूलन," सर म्हणाले.

"माझ्या अंगावर?"

"ते आनुषंगिक आहे." इतके बोलून सर पुढे झाले आणि त्यांनी सचिवांच्या बनियनवरील एक टरफल चिमटीत उचलले. शिक्षकाचा डोळा अशा वेळी वेगळाच चमकतो. "सचिव, हे अंड्याचं टरफल आहे."

"ते मला दिसतंय."

"आमच्या घरी अंडी येत नाहीत. आणि मी चहा पीत नाही."

दोघांनीही एकाच वेळी शेजारच्या दाराकडे पाहिले. दार किलकिले होते. काकू आपण नुकत्याच आलो असे दाखवीत बाहेर आल्या, पण त्यांच्या पायांत घरातल्या सपाता होत्या आणि चेहऱ्यावर मघापासूनचे सगळे ऐकल्याचे समाधान होते.

"मी फक्त टरफलं घालायची," त्या म्हणाल्या. "आणि सकाळचा चोथा. आणि केळ्याची सालं वाटून. भिंतीवरून हात पुरतो माझा. तुम्ही झोपला की घालायची, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

म्हणजे ढळलेल्या सातांपैकी निम्म्यांचे पितृत्व येथे होते. सर गॅलरीत गेले आणि वाहून आलेल्या गाळात वाकून पाहू लागले. गाळात निळे दाणे होते. त्यांनी मान वर केली. विमाप्रतिनिधी कठड्यावरून पाहत होता, तो हळूच मागे सरकला.

"खाली या," सर म्हणाले. पूर्वी अशाच स्वरात ते मागच्या बाकावरील मुलांना फळ्यापाशी बोलावीत.

विमाप्रतिनिधी खाली आला. "सर, मी फक्त टॉनिक टाकत होतो. निळे दाणे. वरून नेम धरून. वहिनींनीच सांगितलं होतं, लक्ष ठेवा म्हणून. मी म्हटलं, लक्ष ठेवायचं म्हणजे प्रीमियम भरायला हवा."

"वहिनींनी मलाही सांगितलं," काकू म्हणाल्या. "'हे उपाशी मारतील त्याला, तुम्ही बघा,' म्हणाल्या."

सर खाली बघत होते. गाळात निळ्या दाण्यांशेजारी काही पांढरे दाणेही होते. "आणि हे पांढरे?"

सचिव कपाळावरची चहाची पत्ती काढण्यात अतिशय गढून गेले होते.

"सचिव," सर म्हणाले, "तुम्ही रोज गॅलरीत हवा खायला जाता."

"थोडासा युरिया," सचिव म्हणाले. "मूठ म्हणणार नाही मी त्याला. चिमूट आणि मूठ यांच्या मधलं काहीतरी. वहिनींचा शब्द मोडवेना."

तेथल्या तेथे सरांनी बाईंच्या बहिणीच्या घरी फोन लावला आणि सर्वांना ऐकू जावे इतका त्याचा आवाज मोठा केला.

"तू इमारतीत प्रत्येकाला सांगून गेलीस?"

"प्रत्येकाला नाही," पलीकडून उत्तर आले. "चौथ्या मजल्यावरचे तेव्हा बाहेर गेले होते."

"पण का?"

"तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून. आणि एकट्या काकू विसरतील म्हणून विमावाल्यांना सांगितलं, आणि ते बोलबच्चन आहेत म्हणून सचिवांना." काकू आणि विमाप्रतिनिधी या दोघांनी आपापल्या विशेषणाचा मुकाट्याने स्वीकार केला. "झाड कसं आहे ते सांगा आधी."

"माती सातावर होती," सर म्हणाले. "धुण्याआधी."

"सात कशाला? त्याला आंबट माती लागते. माझ्या वडिलांच्या अंगणात आंबट माती होती, म्हणून तर तिथे माजायचं ते. साताला मरेल ते."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही मला साताचं महत्त्व सांगत होता. अहो, ते झाड आहे, तुमचा वर्ग नाही. मेलं तर..." येथे बाईंचा आवाज थोडा बदलला. "ते अंगण आता नाही राहिलं. तेवढी एकच फांदी आहे ती."

फोन बंद झाला. नळीतून पाणी वाहतच होते. ते बंद करण्याचे प्रथम काकूंना सुचले. खुर्चीचा विचार सरांच्या मनातून त्या क्षणी पूर्ण गेला, असे म्हणता येणार नाही. पण तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

सचिवांनी दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या फलकावर ठराव लावला. सदर कुंडीत कोणत्याही सभासदाने, सभासदाच्या कुटुंबीयाने अथवा पदाधिकाऱ्याने कोणताही घन, द्रव अथवा चूर्णरूप पदार्थ घालू नये. नळाचे पाणीसुद्धा नाही. 'पदाधिकाऱ्याने' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने अधोरेखित केला, हे त्यांच्या मनाचे मोठेपण.

"पण मग पाणी?" सर म्हणाले. "चुन्याचं पाणी चालणार नाही. क्षाररहित पाणी आणायचं कुठून?"

या प्रश्नाचे उत्तर सरांच्या कठड्यावर कित्येक महिने टिपटिप पडत होते. हवेतील बाष्प थंड होऊन बनलेले, विमाप्रतिनिधीच्या वातानुकूलन यंत्राचे पाणी. त्यात ना चुना, ना क्षार. सरांनी वाटीत थोडे धरले व पट्टी बुडविली. पट्टी किंचित आम्लाकडे झुकली. सरांनी ती पट्टी बराच वेळ हातात धरली. सातापासून ढळलेली पट्टी पाहून आनंद होण्याचा त्यांच्या आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग होता.

फक्त एक अडचण होती. त्या पाण्याविरुद्धची सरांची तक्रार नेमकी त्याच आठवड्यात मंजूर झाली होती आणि प्लंबर नळी वळविण्यासाठी दारात उभा होता.

"तक्रार मागे घेतो," सर सचिवांना म्हणाले.

"कारण लिहावं लागेल."

"तक्रारदाराच्या दृष्टिकोनात बदल झाला, असं लिहा."

"विमावाल्यांनी आणखी एक अट घातली आहे," सचिव म्हणाले. "तक्रारीत तुम्ही त्यांच्या पाण्याला 'गलिच्छ' म्हटलं होतं. तो शब्दही मागे घ्या म्हणतात."

सरांनी तो शब्द मागे घेतला. त्याऐवजी 'अमूल्य' हा शब्द घालावा, अशी विमाप्रतिनिधीची सूचना होती. ती मात्र त्यांनी तत्त्वाच्या आधारे फेटाळली.

मग काही घडले नाही, आणि तेच औषध होते. त्या टिपटिपीखाली विटांवर उभी कुंडी, वरून पडणारे थेंब, तळातून निसटून विटांमधल्या तबकात जमणारे पाणी. सर जवळ उभे राहून हाताची घडी घालीत, न जाणो, हात स्वतःच्या बळावर काही करून बसतील. काकू भिंतीपलीकडून हाताची घडी घालीत. सचिव वर्तमानपत्र दारातूनच परत देऊ लागले. जुनी पाने बरीचशी गळाली. पण फांद्यांच्या टोकांना नखाएवढी, तकतकीत, गर्द हिरवी पालवी फुटली. एका टोकाशी पिळलेल्या वातीसारखी एक कळीही दिसली. सर तिच्याविषयी कोणाशी बोलले नाहीत. काकूंनीही पाहिली असावी, पण त्याही बोलल्या नाहीत. आणि काकूंनी न बोलणे ही त्या इमारतीत घडलेली घटनाच म्हणावी लागेल.

बाई परतल्या, त्या चपला न काढता थेट गॅलरीत गेल्या. सर मागे उभे राहिले. बाईंनी झाडाला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग कळीला बोट न लावता त्या तिच्याजवळ वाकल्या आणि तशाच थोडा वेळ राहिल्या.

"टक्कल पडलंय," त्या शेवटी म्हणाल्या.

"पण जगलं," सर म्हणाले.

"जगलं. या विटा कशाला?"

येथे सरांना राहवले नाही. त्यांनी घसा साफ केला. "कुंडी कधीही ताटलीत ठेवू नये. निचऱ्याचं पाणी ताटलीत साठतं आणि त्यातले क्षार माती पुन्हा वर शोषून घेते. कुंडी उंचावर हवी, खालून हवा खेळायला हवी, आणि निचरा सरळ बादलीत पडायला हवा. विटाही खऱ्या तर योग्य नाहीत, त्या मध्येच अडवतात. खालचा आधार जाळीदार असणं उत्तम."

बाईंनी हे सर्व अतिशय लक्षपूर्वक ऐकले. इतके लक्षपूर्वक त्यांनी सरांचे पूर्वी कधी ऐकले नव्हते, याची नोंद सरांनी घ्यावयास हवी होती.

"खुर्ची काढा माळ्यावरची," त्या म्हणाल्या. "दिलेला शब्द मी मोडत नाही."

सरांनी स्टूल लावले, खुर्ची उतरविली, झुरळांना निरोप दिला. वेताची वीण ओल्या फडक्याने पुसली, हात पुसले, पाय पुसले आणि ती स्वतः गॅलरीत नेऊन ठेवली. मग ते चष्मा व वर्तमानपत्र आणावयास आत गेले. वर्तमानपत्र सचिवांकडे होते. ते खाली जाऊन आणण्यात थोडा वेळ गेला.

परत आले तेव्हा खुर्चीत अनंत बसला होता. कुंडी वेताच्या जाळीवर अगदी मधोमध, जणू मापच घेऊन बनविली होती. पाठ टेकलेली, दोन्ही बाजूंस हात, वरून थेंब आणि बैठकीखाली बादली.

"अगं," सर म्हणाले, "खुर्ची गॅलरीत येईल, असं तू म्हणाली होतीस."

"आली की." बाई बादली किंचित सरकवीत म्हणाल्या. "तुम्ही याल, असं कुठे म्हणाले होते मी?"

सरांनी खुर्चीकडे खालून वर पाहिले. खुर्ची जाळीदार होती, उंचावर होती, खालून हवा खेळत होती. त्यांच्या व्याख्यानातील एकही अट अपुरी राहिली नव्हती. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातले स्टूल उचलले, गॅलरीच्या उंबरठ्यावर, अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे, ठेवले आणि त्यावर बसून वर्तमानपत्र उघडले.

बाईंनी एकदा त्या स्टुलाकडे पाहिले. मग दाराजवळ ठेवलेली बाकीची रोपे त्यांनी हाताने किंचित पलीकडे सरकविली. फार नव्हे, गुडघे मावतील इतकीच.